ऐकणाऱ्यांचं पुणं

पुण्याच्या संगीताचा इतिहास सांगायचा म्हटलं की गाडी नेहमी गाणाऱ्यांच्या स्टेशनांवर थांबत जाते. १९११ साली भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज. १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय. १९५३ मध्ये सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा उत्सव. हे सगळं बरोबरच आहे आणि ते लिहून ठेवलेलंही आहे. पण या गाण्यासमोर जी माणसं बसली होती, त्यांचं काय? गवय्याचं नाव पत्रिकेवर छापलेलं असतं, ऐकणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. त्याचं तिकीट फाटून जातं आणि दाद हवेत विरते. आज आम्ही इथे उभे आहोत ते या दुसऱ्या बाजूचे साक्षीदार म्हणून. आमच्यापैकी एकालाही गाता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तसं बघितलं तर आपल्या सर्वांच्या आवडत्या गवयाची कथाही ऐकण्यापासूनच सुरू होते. गदगमधला एक शाळकरी पोरगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकतो, झिंझोटीतली ठुमरी, आणि तसं गाता यावं म्हणून १९३३ साली घर सोडून निघून जातो. पुढे तो भीमसेन जोशी झाला ही गोष्ट वेगळी. दुकानासमोर तो उभा होता तेव्हा मात्र फुकटात ऐकणारा एक मुलगाच होता. आम्हीही असेच उभे राहायचो. फरक इतकाच की आमच्यातलं कुणी घर सोडलं नाही. जेवायच्या वेळेला सगळे परत.

आमचा वाडा सदाशिव पेठेतला. अकरा बिऱ्हाडं आणि रेडिओ तीन. त्या काळी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागायचं, त्यामुळे रेडिओ असणं ही घरमालकाला लपवता न येणारी श्रीमंती होती. आमच्या आधीच्या पिढीला आकाशवाणी पुणे केंद्राने वेड लावलं होतं. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला आणि दीड वर्षात, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, तिथून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक गाणं, अशी वर्षभर छप्पन गाणी. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसत, हे आम्ही आयांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आपणच ते पाहिलं असं वाटायला लागतं. इतिहासाच्या अभ्यासकांनी या 'वाटायला लागण्या'पासून जरा जपून राहावं.

आम्ही स्वतः ऐकलं ते सत्तरच्या दशकात. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम असे. तळमजल्यावरचे काका खिडकी मुद्दाम उघडी ठेवायचे आणि आम्ही चौघं चौकातल्या हौदाच्या कट्ट्यावर बसायचो. बुधवारी त्याच कट्ट्यावर सिलोनवरची बिनाका गीतमाला. लोक समजतात की शास्त्रीय ऐकणारे आणि सिनेमाची गाणी ऐकणारे असे दोन पंथ होते. आमच्या कट्ट्यावर तरी नव्हते. कान तेच, वार वेगळा.

चौघं म्हटलं, पण खरं तर पाच. पाचवी पहिल्या मजल्यावर राहायची. ती कट्ट्यावर येत नसे, वर गॅलरीत उभं राहून ऐकायची. आमच्या सगळ्यांत तिचा कान पक्का. राग कोणता यावर आम्ही भांडत असलो की वरून एकच शब्द यायचा, "बागेश्री", आणि विषय संपायचा.

आता सवाईकडे येऊ. सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. १२ सप्टेंबर १९५२ला ते पुण्यात वारले आणि पुढच्या वर्षीपासून भीमसेननी, रामभाऊंचे जावई नानासाहेब देशपांडे यांच्या साथीने, गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. घरगुती श्रद्धेचा तो कार्यक्रम आमच्या तरुणपणापर्यंत डिसेंबरच्या थंडीतला तीन रात्रींचा महोत्सव झाला होता. आम्ही ज्याला 'आपला सवाई' म्हणतो तो रेणुका स्वरूप शाळेच्या पटांगणावरचा. पुढे तो रमणबागेत गेला आणि २०१८ पासून मुकुंदनगरला.

तिकीट अर्थातच भारतीय बैठकीचं. संध्याकाळी लवकर जाऊन सतरंजी टाकायची, चपला पिशवीत घालून उशाला घ्यायच्या, कानटोपी, मफलर, घरातली सगळ्यांत जाड शाल. पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलंय याच्याशी आमचा संबंध फक्त एवढाच, की त्यातले काही पहाटेपर्यंत टिकत नसत आणि मग आम्हाला पुढे सरकता येई. अनोळखी माणसाचं डोकं झोपेत आपल्या खांद्यावर यायचं. त्याला कुणी ढकलत नसे, चांगली जागा आली की कोपराने उठवत असत. "अहो, उठा, समेला येताहेत." अशी ओळख झालेला एक गृहस्थ सांगलीहून यायचा. त्याचं आडनावदेखील आम्ही कधी विचारलं नाही, पण सात-आठ वर्षं दर डिसेंबरला तो आमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी घेऊन येत असे. एका वर्षी आला नाही. कळवणार तरी कुणाला?

रात्रीचा म्हणून एक क्रम होता, तो नीट समजून घेतला पाहिजे. आपल्याकडे रागांना वेळ आहे. मारवा मावळतीचा, दरबारी आणि मालकंस उतररात्रीचे, ललत पहाटेचा, तोडी दिवस वर आल्यावरची. पुस्तकात हे तक्त्यात दिलेलं असतं. पटांगणावर ते अंगाला कळत असे. दोन वाजता दव पडायला लागायचं, तंबोरे पुन्हा जुळवावे लागायचे, कापडी मंडप जड व्हायचा, आणि अशा वेळी कुणी खर्जातून मालकंस सुरू केला की तो राग याच वेळेचा का, असा प्रश्नच पडायचा नाही. ७८ च्या रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यावर अख्खी पिढी वाढली होती. इथे एक ख्याल तासभर चालायचा आणि तोही संपू नये असं वाटायचं.

पाचवी मात्र दहालाच उठायची. तिचे मामा तिला आणायचे आणि पहिल्या गाण्यानंतर, फार तर दुसऱ्यानंतर, घेऊन जायचे. ज्या गावात हिराबाई बडोदेकर राहत होत्या, अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलगी, जिने बायकांनी तिकीट लावून जाहीर मैफल करण्याची वाट खुली केली, त्या गावात १९७४ साली बायकांनी गावं हे सर्वांना मान्य होतं, पण वाड्यातल्या मुलीने रात्रभर पटांगणावर ऐकत बसावं हे मान्य नव्हतं. सहकुटुंब येणाऱ्या बायका पुष्कळ असत, हेही खरं. तिच्या घरी मात्र रात्रभर बसणारं दुसरं कुणी नव्हतं. व्यासपीठावरची बाई आणि सतरंजीवरची बाई यांचे इतिहास एका चालीने चाललेले नाहीत. संगीताच्या पुस्तकांत पहिला सापडतो. दुसरा शोधायचा असेल तर वाड्यांतून विचारत फिरावं लागेल, आणि तेही लवकर.

तर दुसऱ्या दिवशी ती आम्हाला धरायची. दहानंतर काय झालं? आम्ही सांगायचो, "जबरदस्त झालं." तिला ते पुरत नसे. कोणता राग, विलंबित कशात, द्रुत कोणती, मध्ये लोक उठले का. म्हणून आम्ही वही ठेवायला लागलो. शंभर पानी, रुळाची. अंधारात, मांडीवर, पेन्सिलीने लिहिलेली. "२.४०. मालकंस. तबला चढा. चहा संपला." किंवा "४.१०. ललत. आपल्यातले दोघे झोपले. मागे कुणीतरी रडतंय." गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी गायकाचं नाव लिहिलेलंच नाही. ते तिला पत्रिकेवरून माहीत असणारच होतं. पत्रिकेवर जे नव्हतं तेच लिहिलं गेलं, आणि पन्नास वर्षांनी उपयोगाचं ठरतंय ते तेच.

शेवटच्या दिवशीची सकाळ भीमसेनांची. त्यांच्या गाण्याबद्दल बोलायला आमच्याहून जाणकार लोक आहेत. आम्हाला इथे नोंदवायची आहे ती मैत्री. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर आणि भीमसेन, तिघेही रामभाऊंचे शिष्य. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जायच्या. दस्तूर मुंबईचे पारशी, तरुणपणी सिनेमात काम केलेले. एक कानडी बाई, एक पारशी गृहस्थ आणि एक घर सोडून गुरू शोधत हिंडलेला मुलगा. म्हातारपणापर्यंत ते या उत्सवात गायला येत राहिले. गुरू जाऊन तीस-चाळीस वर्षं झाली तरी तीन वेगवेगळ्या गळ्यांतून एकच घर ऐकू यायचं. भैरवी झाली की रामभाऊंची जुनी ध्वनिमुद्रिका लावत. उन्हं वर आलेली असायची, हजारो माणसं गप्प, आणि पत्र्याच्या कर्ण्यातून गेलेल्या माणसाचा आवाज. आम्ही विशीत होतो. गेलेल्या माणसाची आठवण काढण्यासाठी इतके लोक तीन रात्री जागतात, हे कळायला तेवढं पुरे होतं.

मग नोकऱ्या लागल्या. एक बँकेत, एक वीज मंडळात, एक पोस्टात, एक शाळेत. सुट्टीचा अर्ज डिसेंबरसाठी राखून ठेवायचा. कारकुनी करून गाण्याचं काय होणार, असं कुणी हिणवलं की आमच्यापाशी एक हुकमी उत्तर असे: वसंतराव देशपांडे. बरीच वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी केली त्यांनी, याच पुण्यात, आणि 'कट्यार काळजात घुसली' रंगमंचावर आलं डिसेंबर १९६७ला, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. अर्थात आम्ही वसंतराव नव्हतो. पण फायलींखाली मान घालून बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, याची कल्पना साहेबाला नसते, इतका दिलासा त्यातून मिळत असे.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. कर्वे रस्त्यावर अलूरकरांच्या दुकानात उभं राहून आम्ही पगाराचा केवढा भाग घालवला ते घरी कधी सांगितलं नाही. कॅसेटने एक मोठं काम केलं: जे ऐकलं ते पुन्हा ऐकता आलं. आणि एक नकळत झालं: एकट्याने ऐकता आलं. कट्ट्याची गरज उरली नाही. वाडाही पडला, तिथे आता सहा मजली इमारत आहे.

रात्र संपली ती नियमाने. केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जुलै २००५ मध्ये. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत. सवाईचं गाणं दुपारी आणि संध्याकाळी आलं. आमच्या वयाचे लोक यावर फार हळहळतात, संस्कृती बुडाली वगैरे. आमचं मत थोडं वेगळं आहे. पेठेत पटांगणाला लागून ज्यांची घरं होती, त्यात आजारी माणसं होती, परीक्षेची मुलं होती, पहाटे दुधाच्या गाडीवर जाणारे होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शिवाय मालकंसाला सूट द्यायची आणि गणपतीतल्या भिंतींना नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार? नियम योग्यच आहे. आणि तरीही, उतररात्रीचा राग उतररात्री, उघड्या आभाळाखाली, हजारो लोकांनी मिळून ऐकणं या शहरातून गेलं, हेही तितकंच खरं आहे. बंद सभागृहात कुणी पहाटेची मैफल ठेवतात, छान असते. पण तिथे दव पडत नाही.

नियमाची एक बाजू मात्र आम्हाला पाचवीनेच दाखवली. ती आता सत्तरीत आहे, नातवंडं आहेत. मुकुंदनगरला ती पाचही दिवस पहिल्या तंबोऱ्यापासून शेवटपर्यंत बसते, खुर्चीवर, कारण गुडघे. पहिल्या वर्षी दहाला सगळे उठले तेव्हा म्हणाली, "आता सगळेच माझ्याबरोबर घरी." हसत म्हणाली, पण आम्ही दोघं काही बोललो नाही.

दोघं, कारण चौघांतले बँकवाला आणि शाळेतला आता नाहीत. वही तिच्याकडे होती, हे आम्हाला परवापर्यंत माहीत नव्हतं. आमची समजूत होती की ती वाडा पडताना गेली. तिने ती तीन घरं बदलताना सांभाळली होती. परवा तिघं मिळून वाचत बसलो. एका पानावर "३.२०. दरबारी. असं पुन्हा नाही" एवढंच आहे. अक्षर शाळेतल्याचं. कोण गात होतं? पोस्टवाला एक नाव सांगतो, वीज मंडळवाला दुसरं. सांगू शकणारा तिसरा साक्षीदार राहिला नाही, आणि चौथी तेव्हा घरी झोपलेली होती. झोपलेली नव्हती, असं ती म्हणते. वारा तिकडून असला की गॅलरीत ऐकू यायचं. इतकी वर्षं तिने हे सांगितलं नव्हतं. त्या रात्री दरबारी ऐकू आला का, असं विचारलं, तर म्हणाली, "आला. पण गळा नाही ओळखता आला, फक्त गंधार पोचत होता."

वही आज तिच्या परवानगीने इथे टेबलावर आणली आहे. तुमच्या घरी अशा वह्या, पत्रिका, तिकिटांच्या मागे केलेल्या नोंदी असतील तर टाकू नका, निदान फोटो काढून ठेवा. ज्यांना बघायची आहे त्यांनी पुढे यावं. पानं जरा जपून उलटा, पेन्सिल पुसट झाली आहे आणि शिवण सुटली आहे.