फेरा कोठे तोडावा?

शाळेच्या निकालाची यादी इंटरनेटवर दाखवायची असेल, तर सर्व्हरवर चालणारी पीएचपी ही संगणकभाषा विद्यार्थ्यांच्या नोंदी एकामागून एक वाचत जाते. या पुनरावृत्तीला लूप म्हणतात. गैरहजर विद्यार्थ्याची नोंद आली, तर ‘कंटिन्यू’ या आज्ञेने तेवढी फेरी सोडता येते. हवा तो बैठक क्रमांक सापडला, की ‘ब्रेक’ने लूपच संपवता येते. रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली जाहीर केलेल्या पीएचपीने हे शब्द सी भाषेकडून घेतले. एका लूपच्या पोटात दुसरी असेल, तर ‘ब्रेक २’ लिहून दोन्हींतून एकदम सुटता येते. सीमध्ये असा आकडा देता येत नाही. बाहेर पडण्याची अटच लिहायची राहिली तर? लूप फिरतच राहते. म्हणून सर्व्हरवर वेळेची मर्यादा घातलेली असते. पीएचपीत ती मुळात ३० सेकंदांची आहे.

फेरा कोठे तोडायचा, हा प्रश्न मात्र संगणकाहून फार जुना. भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड. काही अभ्यासकांनी ते बीड मानले. पाटण्याच्या शके ११२८ च्या शिलालेखामुळे अनेकांचा कल चाळीसगावकडे आहे. वडवणीच्या शिक्षकांनी या वादात कोणती बाजू घ्यावी, हे सांगायला नकोच!

भास्कराचार्यांनी बीजगणितात (इ. स. ११५०) असा प्रश्न घेतला: ६१क्ष² + १ = य² हे जुळवणारे पूर्णांक शोधा. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या रीतीचे नावच चक्रवाल. क्ष = १, य = ८ घेतल्यास ६१ + ३ = ६४. येथे १ ऐवजी ३ आले, हा ‘क्षेप’. आता असा म घ्या, की क्ष×म + य ला क्षेपाने नि:शेष भाग जाईल आणि म² हा ६१ च्या जवळ असेल. म = ७. नवा क्ष = (७ + ८) ÷ ३ = ५ आणि नवा क्षेप = (४९ − ६१) ÷ ३ = −४. ताळा पाहा: ६१×२५ − ४ = ३९².

हाच फेरा १ हा क्षेप येईपर्यंत चालवला, तर पहिली निवड धरून १४ फेऱ्या होतात. भास्कराचार्य दुसऱ्याच फेरीत थांबतात. क्षेप ±१, ±२ किंवा ±४ आला, की चक्र सोडून ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेने उत्तर काढायचे, अशी त्यांची अट आहे. उत्तर येते क्ष = २२,६१,५३,९८० आणि य = १,७६,६३,१९,०४९. हाच ६१ चा प्रश्न फर्माने १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला होता.

चक्र प्रत्येक वेळी थांबेलच, याची सिद्धता मात्र भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही.

वर्गात त्यांचेच दुसरे उदाहरण, ६७, द्यावे. क्षेप अनुक्रमे −३, ६, −७, −२ असे येतात. चौथ्या फेरीला ‘ब्रेक’; उत्तर क्ष = ५९६७, य = ४८८४२.