मुळशीच्या पाण्यावरचे पाहुणे

गेल्या हिवाळ्यात लागोपाठ तीन रविवार मी मुळशी धरणाच्या काठावर ऑस्प्रे शोधत घालवले. ऑस्प्रे म्हणजे फक्त मासे पकडून जगणारा शिकारी पक्षी. थंडीत उत्तरेकडून येतो आणि मोठ्या पाण्यावर एकटा-दुकटा दिसतो. पहाटे कुडकुडत बाईक काढायची, घोटावड्यावरून पौड गाठायचं आणि पुढे धरण. तसं आमचं हिंजवडीसुद्धा मुळशी तालुक्यातच येतं, पण हे आमच्या अर्ध्या टीमला माहीत नसेल :)

तिन्ही रविवारी ऑस्प्रे काही दिसला नाही. काठावरच्या दगडांवर शेपटी हलवणारा करडा धोबी दिसला, एक तुतवार दिसला, बस्स. त्याच दिवशी भिगवणला गेलेल्या मित्राचे फोटो मात्र धडाधड येत होते. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक! वर त्याचा प्रश्न, "तुझ्या धरणावर बदकं का नाहीत रे?"

प्रश्न चिडवायला विचारला होता, पण डोक्यात बसला. भिगवणचं पाणीही धरणाचंच, उजनीचं, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या. पण तिथे जमीन सपाट, त्यामुळे पाणी उथळ पसरतं आणि बदकांना डोकं बुडवून तळाचं खाणं मिळतं. मुळशीचं पाणी डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात भरलंय, त्यामुळे काठ उतरते आणि पाणी लगेच खोल. इथे बदकांपेक्षा माशांवर झेप घेणाऱ्याची सोय जास्त. म्हणजे कुठला पाहुणा येणार, हे खोऱ्याच्या आकारावर ठरलं. आणि या खोऱ्यात पाणी भरायचं, हे माणसांनी ठरवलं. ते कोणी ठरवलं हे शोधायला गेलो आणि पक्षी बाजूलाच राहिले.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, आणि मुळशीच्या पाण्यावरचं भिरा १९२७ मध्ये. कल्पना जबरदस्त आहे. मुळा नदी खरं तर पूर्वेला पुण्याकडे येते. तिचं पाणी पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला मिळायचं. ते अडवायचं, सह्याद्रीतून बोगद्याने पश्चिमेला न्यायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं. वीज करून झाली की तेच पाणी कुंडलिका नदीतून रेवदंड्याच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला. इंजिनिअर म्हणून मी हे वाचताना मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

पण खोरं रिकामं नव्हतं. पन्नासच्या आसपास गावं होती, भाताची खाचरं होती, आंबेमोहोर पिकत होता. जमीन खाजगी कंपनीसाठी, पण ती घ्यायची १८९४ च्या सरकारी भूसंपादन कायद्याने. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबवलं. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी, घोषणा 'जान किंवा जमीन'. बापटांना 'सेनापती' लोक म्हणायला लागले ते इथूनच. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये याची गणना होते.

कंपनीने काही महिने काम थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. लोक तुरुंगात जात राहिले. पण बरीच जमीन पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होती. त्यांना नुकसानभरपाईचा चांगला भाव हवा होता, आणि कसणाऱ्या कुळांना जमीन. एका चळवळीत दोन वेगळ्या मागण्या. शेवटी भाव मिळाला, जमीन गेली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, पिस्तूल चालवलं आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा तिथेच संपला.

हे सगळं वाचून चौथ्या रविवारी गेलो. टपरीवर चहा पिताना एका आजोबांनी माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून विचारलं, "पाखरं बघाया आलाय व्हय?" हो म्हटलं. मग विचारलं, आजोबा, गाव कुठलं? त्यांनी हात पाण्याकडे केला. "आता वर हाय. आज्याचं तिथं खाली व्हतं." आणि ते चहा प्यायला लागले. मला पुढे काय बोलावं ते सुचेना.

त्या दिवशीही ऑस्प्रे नव्हता. पण धोबी होता, आणि तो बघताना एक गोष्ट लक्षात आली. ऑस्प्रेला इथे आणलं असेल तर या मोठ्या पाण्याने. म्हणजे मी ज्याच्यासाठी चार रविवार धडपडलो तो पाहुणा त्या बुडलेल्या गावांच्या जागेवर येणारा. धोब्याचं तसं नाही. त्याला वाहता ओढा आणि ओलं खाचर पुरतं. धरणाआधीही तो दर थंडीत हिमालयातून इथे उतरत असणार, आजोबांच्या आज्याच्या बांधावरून शेपटी हलवत फिरत असणार. आणि मी त्याला "बस्स" म्हणून मोडीत काढलं होतं.

मी पक्षी बघणं सोडणार नाही. वीजही वापरतोच, त्यामुळे नैतिक भाषण नको. फक्त त्या दिवशी मोबाइलवर नोंद करताना, ठिकाणापुढे टिपणाची जी मोकळी जागा असते, तिथे पहिल्यांदा काहीतरी लिहिलं: 'करडा धोबी, १. जुन्या गावाच्या वरच्या काठावर.'

असो. पुढच्या थंडीत पुन्हा जायचंय. कोणी येणार असेल तर सांगा, चहा त्याच टपरीवर.