हरिश्चंद्रगडावरचे देऊळ

जीर्णोद्धाराचे काम चालू असताना गावातील काही मंडळी हरिश्चंद्रगडावर दर्शनास जाऊन आली. त्या निमित्ताने गडाची थोडी हकीकत देत आहे.

गड अकोले तालुक्यात आहे. पाचनई गावाकडून चढण त्यातल्या त्यात सोपी. वरचे तारामती शिखर 1,429 मीटर उंच आहे. सन 1747-48 मध्ये मराठ्यांनी हा किल्ला मोगलांकडून घेतला व कृष्णाजी शिंदे यांस किल्लेदार नेमले. एवढा नावाजलेला किल्ला, पण आज वर गेल्यावर किल्ला शोधावाच लागतो! तटाचे तुकडे तेवढे दिसतात. टिकले ते देवाचे आणि पाण्याचे.

हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ सुमारे 16 मीटर उंच असून शिखर कोरीव आहे. भोवती लेणी आणि खडकात खोदलेली टाकी आहेत. टाक्यांतले पाणी थंडगार असते, चढून दमलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. योगी चांगदेवांनी येथे तप केले आणि शके 1234, म्हणजे सन 1312 मध्ये, ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ येथेच रचिला.

जवळच केदारेश्वराचे लेणे आहे. भले मोठे शिवलिंग कमरभर पाण्यात उभे आहे. भोवती चार खांब होते, त्यांपैकी एकच अखंड उरला आहे. चार खांब म्हणजे चार युगे, चौथा पडला की कलियुग संपले, असे लोक सांगतात. भाविकांनी तसे खुशाल मानावे. परंतु पाण्यात उभ्या दगडाची झीज होतेच, आणि उरलेला खांब जपणे माणसांच्याच हाती आहे.

देवळासमोर सप्ततीर्थ पुष्करणी आहे. तिच्या काठाच्या भिंतीत चौदा देवळ्या आहेत. पूर्वी त्यांत विष्णुमूर्ती होत्या; पुढे त्या तेथून हलविल्या. आता कोणती मूर्ती कोणत्या देवळीतली, हे सामान्य यात्रेकरूस कोण सांगणार?

म्हणून ग्रामस्थ व देणगीदार मंडळींस एक विनंती. आपल्या देवळाचे जे जुने दगड, वीरगळ वा भंगलेल्या मूर्ती कामात निघतील, त्या नदीत सोडू नयेत किंवा पायात घालू नयेत. पाराजवळ मांडून ठेवाव्यात, आणि कोणता दगड कोठून काढला हे कारागिरांनी गाव सोडण्यापूर्वीच वहीत लिहून घ्यावे.