मळवलीच्या शिळा

चिंचवडहून लोणावळ्याच्या गाडीत बसावे, म्हणजे वाटेत मळवली लागते. आपण तेथे कार्ल्याची लेणी पाहण्यासाठी उतरतो. परंतु आपल्या आजीने पुजलेली लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर कदाचित याच गावी छापली गेली असेल, हे किती जणांस ठाऊक आहे?

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस काढलेला शिळाछापखाना १८९९ साली मळवलीस आला. पुढे तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. तेथे प्रत्येक रंगाला निराळी शिळा असे. ठशावर ठसा नेमका बसला, तरच देवीचा चेहरा उमटे. छायाचित्रण शिकलेले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी काही काळ याच छापखान्यात काम करीत होते. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही घरी या चित्रांनी देव नेला.

१९७२ साली छापखाना आगीत सापडला. आज त्याच्या कामाचे प्रदर्शन भरवायचे, तर चित्रे मागावी लागतील ती घरोघरच्या देवघरांतून. म्हणून श्रोतेहो, जुनी तसबीर अडगळीत टाकण्यापूर्वी तिच्या तळाची बारीक अक्षरे वाचा. तेथे कार्ला-लोणावळ्याचे नाव आढळले, तर आपल्या मावळाच्या इतिहासाचे एक पान तुमच्या हाती आहे, असे समजा.