वेग सीमेपलीकडे असतोच असे नाही

डॉटनेटवर काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो: प्रोग्राम संथ वाटला की त्यातला सगळ्यात जास्त राबणारा भाग सी-प्लस-प्लसमध्ये लिहा आणि सी-शार्पमधून कॉल करा. नेटिव्ह कोडवर गार्बेज कलेक्टरचे ओझे नाही, म्हणून तो वेगवान, हा पूर्वपक्ष. मला तो मान्य नाही. सी-शार्पचा कोडही जेआयटी कंपायलरकडून मशीन कोड होऊनच चालतो. तेव्हा वेगाचा हिशेब मांडताना दोन्हींमधली सीमा ओलांडण्याचा खर्च धरायलाच हवा.

मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज पी-इन्व्होकच्या, म्हणजे सी-शार्पमधून नेटिव्ह फंक्शन बोलावण्याच्या यंत्रणेच्या, प्रत्येक कॉलला १० ते ३० एक्स-८६ सूचनांचा वरखर्च सांगतात. डेटाच्या रूपांतराचा खर्च वेगळा. आकडा किरकोळ वाटेल. पण १९२० बाय १०८० च्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. उजळपणा वाढवणारे दोन ओळींचे नेटिव्ह फंक्शन दर पिक्सेलला बोलावले, तर वीस लाखांहून अधिक वेळा सीमा ओलांडावी लागते. तेच फंक्शन सी-शार्पमध्ये असते, तर जेआयटीने बहुधा ते इनलाइन करून कॉलच काढून टाकला असता. पलीकडचे फंक्शन त्याला आतून दिसतच नाही.

पूर्वपक्षाला सर्वांत जड जाणारा पुरावा डॉटनेटच्याच इतिहासात आहे. केस्ट्रेल हा वेब सर्व्हर आधी नेटवर्कचे काम लिबयूव्ही या सी लायब्ररीवर सोपवत असे. २०१८ च्या डॉटनेट कोअर २.१ आवृत्तीत त्याऐवजी मॅनेज्ड, म्हणजे रनटाइमच्या देखरेखीखाली चालणारे, सॉकेट्स डिफॉल्ट झाले. त्याच आवृत्तीत एचटीटीपी क्लायंटने लिनक्सवर लिबकर्लचा आधार सोडून सी-शार्पमधली अंमलबजावणी घेतली, आणि वेग वाढला. २०२० च्या डॉटनेट ५ मधला बदल मला याहून बोलका वाटतो. तोवर साध्या आकड्यांच्या ॲरेचे सॉर्टिंग रनटाइमच्या पोटात, सी-प्लस-प्लसमध्ये होत असे, आणि ते चालू असताना कलेक्टरला तो थ्रेड मधेच थांबवता येत नसे. एक थ्रेड मोठा ॲरे लावत बसला की कलेक्शनसाठी थांबलेले बाकीचे थ्रेड त्याची वाट पाहत. सॉर्टिंग सी-शार्पमध्ये आणल्यावर ही कोंडी सुटली. स्वतः रनटाइम बांधणारेच नेटिव्ह कोड मॅनेज्डमध्ये आणत असताना आपण उलट्या दिशेने का धावावे?

वेगापेक्षाही मला काळजी वाटते ती बिघाडांची. समजा, लॉग लिहिण्यासाठी सी लायब्ररीला एक डेलिगेट कॉलबॅक म्हणून दिला आणि आपल्या बाजूला तो कुठल्याच व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला नाही. कलेक्टरच्या दृष्टीने तो बेवारस. तो उचलला जातो, पण लायब्ररीकडे त्याचा पत्ता तसाच राहतो. टेस्टिंगमध्ये डेटा थोडा, कलेक्शन होतच नाही, सगळे हिरवे. प्रॉडक्शनमध्ये काही तासांनी लायब्ररी तो पत्ता बोलावते आणि अख्खी प्रोसेस कोसळते. ट्राय-कॅच तिथे कामाला येत नाही. एका स्टॅटिक फील्डने हे टळते, पण त्याची आठवण कोणताही कंपायलर करून देत नाही.

प्रोसेसरच्या वेक्टर सूचनांसाठी तरी नेटिव्ह कोड लागतो, असे कोणी म्हणेल. २०१९ पासून, डॉटनेट कोअर ३.० आल्यावर, त्या सी-शार्पमधूनही थेट वापरता येतात.

मग नेटिव्ह कोड घेऊच नये? जरूर घ्यावा, पण जे तिथे आधीच पारखून तयार आहे त्यासाठी. लिनक्सवर डॉटनेट आजही टीएलएससाठी ओपनएसएसएलवर विसंबते, आणि ते योग्यच आहे. क्रिप्टोग्राफी नव्याने लिहिण्याचे धाडस कोणी करू नये. एसक्यूलाइटचेही तेच. अशा ठिकाणी कॉल थोडे आणि प्रत्येक कॉलमध्ये काम भरपूर, अशी रचना करावी. हँडल सेफहँडलमध्ये ठेवावे, म्हणजे ते सोडायचे राहून जाणार नाही. आणि निव्वळ वेगासाठी सी-प्लस-प्लसचा प्रोजेक्ट जोडायचा असेल, तर आधी प्रोफाइलर चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे. पुष्कळदा तो लूपच्या आत दर फेरीला तयार होणाऱ्या तात्पुरत्या स्ट्रिंगमध्ये जात असतो, आणि त्यावर सी-शार्पमधला स्पॅन पुरतो.