तळटीप १७ : खांदेरीचा कोट

१७. खांदेरीचा कोट : कफ परेडच्या मच्छीमार नगरातून दक्षिणेकडे निघालेल्या होड्यांना थळच्या किनाऱ्यासमोर दिसतो, तो हा. लेखकाने त्याला ‘जुनाट’ म्हटले आहे. ते पटत नाही. तोफांपूर्वी उंच तटावर भागत असे. चौकोनी बुरुजाचा कोपरा सुरुंगाने ढासळतो, म्हणून युरोपात तेराव्या शतकात गोल बुरूज रुळले. पुढे तोफांपायी तट बुटके आणि जाड झाले. आपल्याकडे दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात दडवला गेला, सिंधुदुर्गासारखा (१६६४). खांदेरी त्याही पुढची. १६७९ मध्ये, मुंबईकर इंग्रजांची गलबते वेढा घालून असताना, शिवाजी महाराजांच्या माणसांनी हे बांधकाम रेटले. खरी करामत तटाबाहेर आहे : पाण्यात मोठमोठे धोंडे पसरलेले. त्यांवर लाट फुटते, शत्रूची होडी कडेला लागत नाही, आणि उडी मारलीच तर दगडांना चिकटलेली धारदार कालवे तळपाय फाडतात. (हे कोळ्यांना सांगायला नको!) शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने लगोलग, १६८० मध्ये, ठाण मांडले. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही.