चिखल अडवणारं कुळ

जालन्याच्या एमआयडीसीत भंगाराच्या ढिगातून मोटारीचं दार ओढून काढा आणि निरखून पाहा. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा, मग पोकळी, काच खाली-वर करायचा खटाटोप आणि आत आणखी एक पत्रा. अंगठ्याने जोर दिला तरी दबतो. सिनेमात मात्र याच दाराआड बसून नायक पिस्तुलाच्या फैरी झेलतो आणि शेवटच्या रिळापर्यंत जगतो.

पत्र्याच्या कुळाकडे पाहिलं तर हा भरवसा टिकत नाही. मोटार ही घोडागाडीची लेक. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे मुळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी फळी; ‘मडगार्ड’चं काम तर नावातच आहे. सुरुवातीच्या मोटारींचे सांगाडे लाकडी असत, बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांच्या हातचे. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड बडने डॉज बंधूंसाठी पोलादी बॉडी दाबयंत्रावर घडवायला घेतली. पत्र्याला वळणं द्यायची तर तो फाटता कामा नये, म्हणून पोलाद कमी कार्बनचं, मऊ. मोटारीच्या पत्र्यात हा मऊपणा मुद्दाम घातलेला आहे.

या कुळाची परीक्षा पुण्याने दोनदा पाहिली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडच्या बग्गीवर मागून चढून गोळी झाडली. १० ऑगस्ट १९८६ ला निवृत्त लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य स्वतः मारुती चालवत घरी निघाले होते. दुचाकीवरच्या मारेकऱ्यांनी शेजारी येऊन त्यांना मारलं. एकोणनव्वद वर्षांत घोडा गेला, लाकूड गेलं. पिस्तूलवाल्याचं काही अडलं नाही.

अडणार तरी कशाने? ९ मिलिमीटरची गोळी असते साताठ ग्रॅमची, पण सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धावते. दाराचे दोन्ही पत्रे ती सहसा पार करते. कुलूप किंवा आतली आडवी नळी वाटेत आली, तर बसणाऱ्याचं नशीब. बाजूच्या काचेचा चुरा होतो. समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये चिकट पडदा. ती युक्ती फ्रेंच रसायनकार एदुआर बेनेदिक्तुसला १९०३ मध्ये सुचली. ही काच तुकडे धरून ठेवते, गोळीची दिशाही थोडी फिरवते, पण गोळीला आत येऊ देते. खरा आडोसा इंजिनाच्या ओतीव ठोकळ्याचा, आणि थोडाफार चाकांचा.

‘जालना, सोन्याचा पाळणा’ म्हणतात. आता तिथे पोलाद जन्मतं. आपलं दार इंडक्शन भट्टीत वितळतं, बिलेट होतं, रोलिंग मिलमधून लालभडक सळई होऊन निघतं आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली बाहेरून कडक होतं. पुढे ती सळई कुठल्याशा इमारतीच्या पार्किंगमधल्या काँक्रीटच्या खांबात जाते. त्या खांबाला पिस्तुलाची गोळी भेदत नाही. नायक मात्र शेजारच्याच गाडीचं दार उघडून त्याच्याआड बसलेला असतो.